दीड महिन्याचं सशाचं पिल्लू, पोट सारखं बिघडतंय. काय खायला देऊ?

निशिगंध | ९ जुलै, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी लालबागला राहते. गेल्या रविवारी लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने सशाचं पिल्लू आणलं. दुकानदाराने "दीड महिन्याचं आहे, गाजर-कोबी काहीही खातं" असं सांगून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिलं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आहेत म्हणून लेकीने नाव ठेवलं कवडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ४३० ग्रॅम.

पहिले दोन दिवस घरभर उड्या मारत होती. मंगळवारपासून मागची बाजू सारखी चिकट होतेय. गोल लेंड्या कमी, मऊ आणि घाण वासाचंच जास्त. आतापर्यंत गाजर, कोबी, डाळिंबाचे दाणे दिले, सासूबाईंनी पोळीचा तुकडा आणि एकदा दुधातलं बिस्कीट दिलं. आज सगळं बंद करून फक्त काकडी दिली. सासूबाई म्हणतात, पोट बिघडलंय तर दही-भात द्या, आमच्या मुलांना तेच द्यायचो. लेक खोक्याशेजारी चटई टाकून झोपलीय. मला काही सुचत नाहीये. कोणी ससे पाळले असतील तर कृपया सांगा.

रानवारा | १० जुलै, रात्री १२:१५

ताई, आधी तीन गोष्टी बघून लिहा. पडतंय ते पाण्यासारखं आहे की सैल मळलेल्या कणकेसारखं? कान हाताला गार लागतात का? पोट फुगून ताठ झालंय का? पाण्यासारखी हगवण, गार कान, ताठ पोट, यातलं एक जरी असलं तर सकाळची वाट बघू नका, धागाही वाचत बसू नका, रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा. पाऊण किलोचंसुद्धा नाही ते पिल्लू, अंगातलं पाणी जायला काही तास पुरतात.

तसं नसेल तर गाजर, कोबी, डाळिंब, पोळी, बिस्कीट, काकडी सगळं आत्ताच थांबवा. दही-भात मुळीच नको. पण उपाशीही ठेवू नका. माणसाला लंघन मानवतं, सशाला नाही. त्याचं आतडं सतत हलतं राहावं लागतं, आणि त्याला उलटी करता येत नाही, म्हणजे आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. वाळलं गवत आहे का घरात?

निशिगंध | १० जुलै, रात्री १२:३२

कणकेसारखं आहे, पाणी नाही. कान कोमट आहेत. पोट मऊ लागतंय. वाळलं गवत दुकानदाराने खोक्यात घालून दिलं होतं. ते अंथरूण आहे असं समजून आम्ही पिशवीत भरून बाल्कनीत ठेवलंय.

रानवारा | १० जुलै, रात्री १२:३८

ताई, ते अंथरूण नाही, तिचं जेवण आहे ते! आत्ता आणा. आधी मूठभर नाकाशी धरून बघा. चहाच्या डब्यासारखा सुका, गोडसर वास आला तर चांगलं. कुबट वास किंवा पांढरी-काळी भुकटी दिसली तर टाकून द्या. चांगलं असेल तर झटकून तिच्या अंगाएवढा ढीग समोर ठेवा. पाणी बाटलीने देत असाल तर सोबत कुंडीखालची मातीची ताटली भरून ठेवा. ससे वाडग्यातून जास्त पाणी पितात आणि मातीची ताटली उलटतही नाही.

निशिगंध | १० जुलै, रात्री १:०५

वास चांगला आहे. ठेवलं. पाच मिनिटं नुसती हुंगत होती, मग एक काडी उचलली आणि कडेकडेने आत ओढत गेली. कुरकुर असा आवाज येतोय. लेक उठून बसलीय ऐकायला.

चाफेकळी | १० जुलै, सकाळी ७:४०

आमच्याकडे मांजरीला पोट बिघडलं की चिमूटभर हिंग घालून पातळ ताक द्यायचो, दोन दिवसांत बरी व्हायची. करून बघायला हरकत नाही.

रानवारा | १० जुलै, सकाळी ८:१०

चाफेकळीताई, मांजरीचं चाललं असेल, सशाचं नाही चालणार. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे निशिगंधताईंच्या सासूबाईंनाही वाचून दाखवता येईल.

सशाच्या पोटातलं खरं काम सीकम नावाच्या पिशवीत होतं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे ती असते आणि सशाच्या पोटात सगळ्यात जास्त जागा तीच व्यापते. तिच्यात कोट्यवधी जंतू असतात आणि ते गवत आंबवतात. इडलीचं पीठ रात्रभर आंबतं ना, तसंच. त्या जंतूंना लागतो गवताचा चोथा. चोथा मिळाला की चांगले जंतू टिकतात आणि आतडंही हलतं राहतं. गोड, पिठूळ, दुधाचं काही गेलं की भलतेच जंतू माजतात, वायू धरतो, मऊ घाण पडायला लागते. डाळिंब साखरेचं, गाजरही गोडच, पोळी-बिस्कीट पिठाचं. कोबीने काही सशांना वायू धरतो. आणि हे सगळं चार दिवसांत एकदम! मोठ्या सशाचंही पोट बिघडलं असतं. तुमचं पिल्लू नाजूक आहे हे खरंच, कारण त्याच्या जंतूंची घडी अजून बसलेलीच नाही. ती बसू द्यायची.

शेवंती | १० जुलै, दुपारी १:२०

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. रानवारा काकांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण कृपया फक्त खाण्यावर बोट ठेवून थांबू नका. लेंडी तपासून घ्या. इतक्या लहान पिल्लांमध्ये, विशेषतः दुकानात गर्दीत राहिलेल्यांमध्ये, कॉक्सिडिया नावाचे परजीवी खूप आढळतात. तेही आतडं बिघडवतात आणि ते गवताने बरे होत नाहीत. आज पडलेली ताजी, मऊ आणि गोल दोन्ही प्रकारची लेंडी स्वच्छ कोरड्या डबीत घाला आणि पिल्लाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टर ससे बघणारे आहेत ना, हे आधी फोनवर विचारून घ्या.

अजून एक. दीड महिना हे दुकानदाराचं बोलणं आहे. ४३० ग्रॅमवरून वय ठरत नाही, पण अनेक पिल्लं आईपासून फार लवकर तोडलेली असतात. पिल्लाने निदान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. सशाची मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं दूध पाजते. तेवढ्या दुधातल्या चरबीपासून पिल्लाच्या पोटात जंतूंना आवर घालणारी आम्लं तयार होतात. मोठ्या सशाचं जठर इतकं आंबट असतं की बहुतेक जंतू तिथेच मरतात. पिल्लाचं तसं नसतं. दूध लवकर सुटलं की एक पहारा उठतो आणि दुसरा अजून बसलेला नसतो. म्हणून हे पाच-सहा आठवडे फार जपायचे.

आंघोळ घालू नका. मागची बाजू कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. पावसाळ्यात ओल्या-घाण केसांवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. दिवसातून दोनदा उलटी धरून न बघता, मांडीवर घेऊन शेपटीखाली बघत जा.

पारवा | १० जुलै, रात्री ९:०५

लिहू की नको असं झालं होतं, पण निशिगंधताई उद्या डॉक्टरकडे जाणार आहेत म्हणून लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या अडीच महिन्यांच्या भुऱ्याला शिंका येत होत्या. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे कुत्री-मांजरं येतात, ससा क्वचितच. लहान मुलांना देतात तसलं गुलाबी औषध दिलं, अमॉक्सिसिलिन. आम्ही विश्वासाने तीन दिवस पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी हगवण, संध्याकाळी संपलं. नंतर ससे बघणाऱ्या डॉक्टरांनी समजावलं, की पेनिसिलिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली की सशाच्या सीकममधले चांगले जंतू मरतात आणि विष तयार करणारे माजतात.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. "हे औषध सशाला तोंडावाटे चालतं ना?" एवढं एकच वाक्य. आम्ही विचारलं नाही. अजूनही घरात गुलाबी औषधाची बाटली दिसली की पोटात कालवतं.

शेवंती | १० जुलै, रात्री ९:४०

पारवादादा, फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन तोंडावाटे सशाला देत नाहीत. घरातलं माणसाचं उरलेलं कुठलंच औषध देऊ नका.

निशिगंध | ११ जुलै, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गेलो. शेवंती, तुझं बरोबर निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया दिसले. डॉक्टरांनी तोंडावाटे द्यायचं पातळ औषध दिलंय, वजनावर मोजून. पारवादादांचं वाक्य मी विचारलं. डॉक्टरांनी न रागावता औषधाचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, विचारलंत ते चांगलं केलंत. आजचं वजन ४१६, म्हणजे पाच दिवसांत १४ ग्रॅम कमी. ते ऐकून लेक रडली.

खाण्याचं त्यांनी असं सांगितलं: वाळलं गवत दिवसरात्र, कितीही. सशांचे साधे गोळीखाद्य दिवसाला एक सपाट मोठा चमचा, सकाळ-संध्याकाळ वाटून. रंगीत दाणे, सुका मेवा, मका मिसळलेलं खाद्य नको, पिल्लं त्यातलं गोड तेवढं वेचून खातात. पालेभाजी सध्या अजिबात नाही.

आता प्रश्न गवताचा. ऑनलाइन मागवलेलं टिमोथी गवत यायला चार दिवस आहेत, दुकानदाराचं उद्या संपेल. मुंबईत वाळलं गवत कुठे मिळतं?

घाटावरचा | ११ जुलै, रात्री ११:३०

मी भांडुपला असतो, मूळ गाव माण तालुक्यात. घरी गुरं होती, आता इथे दोन ससे आहेत. गवताबद्दल सांगू शकतो.

चार दिवसांसाठी जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांत विचारा. पण काय मागता ते नीट कळू द्या, तिथे सगळ्याला चाराच म्हणतात. भाताचा पेंढा देतील. तो खाल्ला तर अपाय नाही, पण त्यात कस नाही, खाली पसरायला ठीक. कडबा जाडाभरडा असतो, एवढ्या पिल्लाला चावायचा नाही. कोवळी हिरवी ज्वारी कुणी दिली तरी घेऊ नका. आमच्याकडे तिने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, चांगली धट्टीकट्टी गाय तासाभरात आडवी होते. डोंगरउतारावरचं वाळलं गवत मिळालं तर हातात घेऊन कुसळं बघा. कुसळी गवताची टोकं सशाच्या हिरडीत आणि डोळ्यात घुसतात. माझ्या सशाच्या गालात एकदा रुतलं होतं, आठवडाभर खाणं सोडलं होतं त्याने.

लसूणघास मिळेल. ती पिल्लाला चांगली, सहा महिन्यांपर्यंत अंगाला लागते. मोठ्याला नको, तिच्यात चुना जास्त, लघवी गढूळ होते. पण ओली हिरवी लसूणघास बिघडलेल्या पोटात घालाल तर पोट फुगेल. वाळवलेली, आणि तीसुद्धा साध्या गवतात थोडी मिसळून.

ते नाहीच जमलं तर हरळी. माझे दोन्ही ससे हरळीवर तुटून पडतात.

चिमणी_गिरगाव | १२ जुलै, सकाळी ९:००

हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच ना? दादर फुलबाजारात जुड्या मिळतात. गणपतीला वाहिलेल्या दूर्वा दुसऱ्या दिवशी दिल्या तर चालतात का?

घाटावरचा | १२ जुलै, सकाळी ९:२५

दूर्वा म्हणजे हरळीचीच कोवळी टोकं. चालतात, पण वाहिलेल्या नको. त्यांना हळद-कुंकू, शेंदूर, फुलांवर मारलेली औषधं लागलेली असतात. ताज्या आणा, दोरा सोडा, दोन पाण्यात धुवा, पंख्याखाली पसरून पूर्ण सुकवा. रस्त्याकडेचं गवत उपटू नका. कुत्री, उंदीर, घुशी सगळ्यांचा वावर तिथे, आणि पावसाळ्यात तर लेप्टोची भीती. देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या मावशींच्या पेंढीलाही हेच लागू, खाली चिखलात ठेवलेली असते.

शेवंती | १२ जुलै, सकाळी ११:१०

फक्त निशिगंधताईंनी आज ताज्या दूर्वा देऊ नयेत. औषध चालू आहे, एका वेळी एकच बदल. नाहीतर पोट सुधारलं किंवा बिघडलं तर कशाने, ते कळणार नाही.

आणि स्वच्छता. कॉक्सिडियाची अंडी लेंडीतून बाहेर पडल्यावर लगेच लागण करत नाहीत, त्यांना पिकायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून खोका रोज सकाळी रिकामा करायचा, पुठ्ठा असेल तर बदलायचा, प्लास्टिकचा ट्रे उकळतं पाणी ओतून धुवायचा आणि कोरडा करायचा. फिनाइलने ती अंडी मरत नाहीत, उलट वासाचा पिल्लाला त्रास. लेकीलाही हे काम कळू दे, पण हात साबणाने धुवून.

निशिगंध | १४ जुलै, रात्री ८:४५

आज गवत आलं. पण खोकं पावसात भिजून आलं! वरचा थर दमट होता, तो टाकला. बाकीचं जुन्या सुती उशीच्या खोळीत भरून पंख्याखाली लटकवलंय. आधी हवाबंद डब्यात भरणार होते, शेजारच्या काकूंनी अडवलं, दमट असेल तर आतल्या आत बुरशी धरेल म्हणाल्या.

एक विचित्र प्रकार झाला, म्हणून लिहितेय. पहाटे पाचला सासूबाई उठल्या तर कवडी मान पोटाखाली घालून काहीतरी चावत होती. समोर गवत नव्हतं. सासूबाई ओरडल्या, "अगं, ही स्वतःची घाण खातेय!" आणि तिला उचलून बाजूला केलं. हे आजाराने होतंय का?

रानवारा | १४ जुलै, रात्री ९:१०

ताई, ही आठवड्यातली सगळ्यात चांगली बातमी आहे. सासूबाईंना सांगा, उचलू नका!

ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, गोल, आत चोथा. दुसरी मऊ, चकचकीत, काळसर, द्राक्षाच्या इवल्या घडासारखी. ही सीकममध्ये आंबून तयार होते, तिच्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. ती ससा बहुधा पहाटे थेट तोंडाने घेतो, जमिनीवर पडूच देत नाही. गाय रवंथ करते तसंच हे, फक्त वाट वेगळी. तुमच्याकडे आधी जे चिकटत होतं त्यातलं बरंच हेच असणार, नीट न बांधलं गेलेलं आणि न खाल्लेलं. आता ती घेतेय म्हणजे ते आकारात यायला लागलंय.

निशिगंध | १४ जुलै, रात्री ९:३०

सासूबाईंना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग मी तिच्या तोंडचा घास काढला की." उद्यापासून पाचला उठून लांबून बघणार आहेत.

पारवा | १५ जुलै, सकाळी १०:००

वजन रोज एकाच वेळी करता ना? औषध पाजण्याआधी. मला वाटतं वजनानेच सगळ्यात आधी कळतं. आमच्या भुऱ्याचं आम्ही कधी केलंच नाही.

निशिगंध | १८ जुलै, रात्री १०:५०

रोज सकाळी साडेसातला करतो. लेकीने फ्रिजवर कागद लावलाय. ४१६, ४१५, ४१९, ४२६, ४३५, ४४६, ४५५, आज ४६७. मागची बाजू तीन दिवस कोरडी. आज लेकीने ट्रेमधल्या लेंड्या चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर मांडल्या. मुगाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, सगळ्या जवळपास सारख्या. एक दाबून बघितली तर आत नुसता गवताचा भुगा, वासही नाही. लेंड्या बघून एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पालेभाजी कधी सुरू करायची? भाजीवाल्या मावशी मुळ्याचा पाला फुकट द्यायला तयार आहेत.

शेवंती | १८ जुलै, रात्री ११:२०

खूप छान! औषध संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी लेंडी पुन्हा तपासा. ती स्वच्छ आली आणि कवडी साधारण तीन महिन्यांची झाली की मग पाला. दुकानदाराने सांगितलेलं वय धरू नका, डॉक्टरांना वाढ बघून अंदाज विचारा.

सुरुवात कोथिंबिरीने करा. दोन काड्या, धुऊन, सुकवून. चोवीस तास लेंड्या बघा. ठीक असेल तर तीन-चार दिवस तेवढंच. मग पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, एकेक करून. पालक क्वचित. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही. गाजर म्हणाल तर मोठं झाल्यावर, नखाएवढी चकती, तीही रोज नाही.

रानवारा | १९ जुलै, सकाळी ७:३०

लालबागला राहता म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. गणपतीत ढोल-ताशा आणि फटाक्यांनी ससे घाबरतात, आणि घाबरलेला ससा खाणं सोडतो. खाणं सुटलं की आतडं थांबतं. मोठा ससा दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर धोका, पिल्लाला त्याच्या निम्मा वेळही देऊ नका. आगमनाच्या मिरवणुका सुरू होण्याआधीच तिचा खोका रस्त्यापासून लांब, आतल्या खोलीत हलवा. वर चादर टाका, पण हवा खेळती राहू द्या. गवताचा ढीग त्या दिवसांत दुप्पट ठेवा. कुठल्या डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवसांत उघडा असतो आणि रस्ते बंद असताना तिथे कसं पोचायचं, तेही विचारून ठेवा.

निशिगंध | १९ जुलै, सकाळी ८:०५

हे डोक्यातच आलं नव्हतं. माझी बहीण मुलुंडला राहते, तिच्याकडे दहा दिवस नेऊ का?

रानवारा | १९ जुलै, सकाळी ८:२०

नेलंत तर उत्तम. पण तिचंच गवत, तेच गोळीखाद्य, तीच मातीची ताटली सोबत द्या. जागा बदलते तेव्हा जेवण बदलायचं नाही.

निशिगंध | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

दुसरी तपासणी स्वच्छ आली! वजन ६३५. डॉक्टरांच्या अंदाजाने आणली तेव्हा ती पाच आठवड्यांचीही नसावी, म्हणजे आता नऊ आठवड्यांची. पाला अजून महिनाभर नाही. सासूबाई रोज पहाटे पाचला दाराशी स्टूल टाकून बसतात आणि सकाळी चहाच्या वेळी सांगतात, "आज घेतलंन."

मात्र आज लेकीची मैत्रीण आली होती, तिने आमचं लक्ष नसताना पुदिन्याची दोन पानं दिली. खाल्ली तिने. काळजी करण्यासारखं आहे का?

शेवंती | २ ऑगस्ट, रात्री ९:५५

दोन पानांनी बहुधा काही होत नाही. आज रात्री फक्त गवत आणि पाणी, उद्या सकाळी गोळीखाद्य द्यायच्या आधी ट्रे बघा आणि इथे लिहा.

निशिगंध | ३ ऑगस्ट, सकाळी ७:४५

गोल, कोरड्या, मोजून ११८. वजन ६४४.